कोन सांगते?

गुरुजी एरवी कशालाच रागावत नसत. पाढा चुकला, पाटी फुटली, पोरगं डुलकी घेताना शेजारच्याच्या अंगावर कलंडलं, सगळं त्यांना चालायचं. पण कोणी ‘अथीच’ म्हणालं की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. आमच्या वऱ्हाडात ‘अथीच’ म्हणजे इथंच. ते ‘इथंच’ पाठीमागच्या भिंतीपाशी असू शकतं आणि दोन गावं ओलांडूनही असू शकतं. सांगणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

या रागाला कारण होतं आणि ते कारण गुरुजी स्वतःच रंगवून सांगत. बदलीचा कागद घेऊन ते जऊळक्याच्या स्टेशनावर उतरले, तेव्हा एका गुराख्याला त्यांनी आमच्या गावाची वाट विचारली. तो म्हणाला, "हे काय, अथीच हाय. असे जा अन् तसे वळा." गुरुजी तसे गेले, असे वळले, आणि भर उन्हात अर्धा दिवस तंगडतोड करून भलत्याच गावी पोचले. आमच्या गावातून तर स्टेशनाचा सिग्नल उघड्या डोळ्यांनी दिसतो. इतक्या जवळचं गाव चुकलेला माणूस आमच्या पोरांना भूगोल शिकवायला आला, म्हणून सगळं गाव पोट धरून हसलं.

त्यात त्यांच्या खांद्यावर दोर. हातात पत्र्याची पेटी, डोक्यावर टोपी, खांद्यावर गाठीगाठींचा लांबलचक दोर. चावडीवर बसलेल्यांनी विचारलं, "गुरुजी, बैल हरपला का?"

"बैल नाही, गाव हरवलं होतं," गुरुजी म्हणाले. "पुन्हा हरवू नये म्हणून दोर आणलाय."

शाळा एका खोलीची आणि शिक्षक एकच. पहिली ते चौथी, चारही वर्ग एकाच सतरंजीवर. शाळेच्या एका बाजूला वरची गल्ली, म्हणजे ज्यांची वावरं होती ती घरं. दुसऱ्या बाजूला आमची वस्ती. आम्ही बौद्ध. आमच्या आया त्या वावरांत निंदायला जात, आणि पाण्यासाठी नाल्यात जात. बहात्तरच्या दुष्काळात गावची विहीर आटली ती नीट भरलीच नाही. वाळूत खड्डा करायचा, वाटीवाटीने पाणी जमवायचं, पितळी गुंड भरला की डोक्यावर घेऊन चढ चढायचा. माझ्या मायच्या डोक्यावरचे मधले केस त्या गुंडाने घासून गेले होते. मी तेव्हा तिसरीत होते आणि मला वाटायचं की सगळ्याच आयांचे केस तिथे नसतात.

गुरुजींनी आल्या आल्या गावातल्या सुताराकडून बैलगाडीचं एक मोडकं चाक मागितलं. सुतार बुचकळ्यात पडला. "एकच चाक? गाडी कोठी हाय?"

"गाडी नको."

"मंग जासान कशावर?"

"जायचंच नाही. बसल्या जागी सगळं गाव मोजायचं आहे."

सुताराने चाक फुकट दिलं. खुळ्याकडून काय घ्यायचं, असं त्याने नंतर गावभर सांगितलं. गुरुजींनी शाळेच्या अंगणात एक मेढ रोवली. मेढ म्हणजे खळ्याच्या मधोमध असतो तो खांब, ज्याला दाव्याने बांधून मळणीचे बैल गोल फिरवतात. त्या मेढीच्या डोक्यावर त्यांनी चाक आडवं बसवलं, आमच्या छातीइतक्या उंचीवर. मग कानशीने चाकाच्या लोखंडी धावेवर बारीक बारीक खाचा पाडत बसले. खाचा किती, असं आम्ही विचारलं तर म्हणाले, "तीनशे साठ. एकही कमी नाही, मी दोनदा मोजल्यात." पहिली खाच त्यांनी स्टेशनाच्या सिग्नलच्या रोखाने धरली. ती शून्य. तिथून खळ्यात मळणीचे बैल फिरतात त्या बाजूने एक, दोन, तीन असं मोजत जायचं.

"सिग्नलच काहून गुरुजी?" गोंद्याने विचारलं. गोंद्या वरच्या गल्लीतला, गावात ज्याच्या शब्दाला वजन होतं अशा माणसाचा मुलगा.

"कारण तो कोणाच्या बापाचा नाही," गुरुजी म्हणाले. गोंद्याला ते फारच आवडलं. पुढे कित्येक दिवस तो प्रत्येक गोष्टीबद्दल हेच वाक्य म्हणायचा.

कोन शिकवायचा पहिला दिवस मला लख्ख आठवतो. गुरुजी मूळचे आमच्याकडचे नव्हेत, त्यांच्या तोंडात ‘ण’ ठणठणीत होता. आमच्या तोंडात तो नाही. पाणी म्हणजे पानी, आणि कोण म्हणजे कोन. गुरुजींनी फळ्यावर दोन रेघा काढल्या, त्या जिथे मिळतात तिथे खडू टेकवला आणि विचारलं, "हा कोन किती?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. फळ्याला लागूनच असलेल्या खिडकीत एक पहिलीतलं पोरगं चढून बसलं होतं. गोंद्या उठून उभा राहिला. "हा कोन? हा माह्या मावशीचा पोट्टा हाय गुरुजी. किती म्हंजे एकच हाय."

दुसरा कोणी मास्तर असता तर छडी निघाली असती. गुरुजींनी खिडकीतल्या पोराकडे पाहिलं, त्यांना अर्थ लागला, आणि ते इतके खूश झाले की त्यांनी टोपी काढून टेबलावर आपटली. "वा! वा रे वा! म्हणजे तुमच्या गावात प्रत्येक माणूस कोन आहे!" चुकलेल्या उत्तराने एवढा आनंदी झालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. आम्हाला कळेना काय बक्षीस मिळालंय, पण आम्हीही टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून शाळेत ‘कोन’ म्हणजे एकच. गुरुजींनी कधीही, केव्हाही, पाणी पिताना, अंगण झाडताना नुसतं "कोन?" असं ओरडायचं आणि ज्या वस्तूकडे बोट केलं असेल तिचा आकडा आम्ही ठोकून द्यायचा.

कोनमापकं कोणाकडे होती? गुरुजींनी शनिवारी प्रत्येकाला भाकर आणायला लावली. अख्खी भाकर म्हणजे पूर्ण फेरा. मधोमध मोडली की अर्धी. अर्धीची अर्धी चतकोर, चतकोराची अर्धी नितकोर. "चतकोर म्हणजे नव्वद!" गुरुजी ओरडायचे. "नितकोर म्हणजे पंचेचाळीस!" आम्ही भाकरीचे कोन पाटीवर ठेवून आखायचो आणि मग खायचो. एकदा गोंद्याची पाटी रिकामी. "तुझा कोन कुठे गेला?" तर हा तोंड पुसत म्हणतो, "नव्वद होता गुरुजी. आता पोटात हाय." माझी भाकर ज्वारीची नि कडक असायची, त्यामुळे माझे कोन कडेला सरळ तुटायचे. गुरुजी ते सगळ्यांना दाखवत. वरच्या गल्लीतली पोरं आमच्या घरची भाकर हातात घेऊन पाहत होती, आणि दुसऱ्या शनिवारी ती अदलाबदल करून खातही होती. गुरुजी खिडकीपाशी गेले. ते खिडकीतून सिग्नल पाहत राहिले.

त्यांची शिकवण एवढीच होती: जगात कुठलीही जागा सांगायला दोन गोष्टी लागतात, दोर आणि कोन. किती लांब, आणि कोणत्या रोखाने. बाकी सगळं ‘अथीच’. जेवायला बसले तरी हेच. कोणाकडे पंगतीला गेले की वाढणारीला म्हणायचे, "काकू, ठेचा जरा नितकोरभर पुढे सरकवा, तो वरणाच्या हद्दीत आलाय." डावं-उजवं हे शब्द त्यांनी बंद करून टाकले होते. माणूस वळला की डावं-उजवं वळतं, सिग्नल वळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मग सुरू झाली गावाची मोजणी. एकाने चाकाच्या मध्यातून निघालेली सुतळी धावेवरच्या खाचेत ताणून धरायची, एक डोळा मिटून रोख सांगायचा. बाकीच्यांनी त्या रोखाने दोर टाकत जायचं. एका दोराला वीस गाठी. चावडी झाली, देऊळ झालं, आमचा विहार झाला, पिठाची गिरणी झाली. गावात नवीन काही आलं की त्याचा पत्ता त्याच दिवशी झालाच पाहिजे, हा गुरुजींचा कायदा होता. नवी सून आली तिच्या घराचा पत्ता, पोस्टाची लाल पेटी टांगली तिचा पत्ता, एकदा तर एका म्हशीच्या नव्या खुंट्याचाही. आणि हे सगळे पत्ते सकाळी पाढ्यांनंतर एका सुरात म्हणायचे. "चावडी! दोर तीन, गाठी दोन, कोन साठ! विहार! दोर पाच, गाठी चार, कोन एकशे तीस!" रस्त्याने जाणारे लोक थांबून ऐकायचे. आपलं घर आलं की हळूच हसायचे.

पुढे शाळेच्या सारवलेल्या जमिनीवर आम्ही अख्खं गाव उतरवलं. एक दोर म्हणजे एक वीत. मुलींनी रांगोळीचे ठिपके घातले. गोंद्या अडून बसला की त्याच्या घराचा ठिपका मोठा हवा, कारण घराला माडी आहे. गुरुजी म्हणाले, "ठिपक्याला माडी नसते बाळ." माझ्या घराचा ठिपका मीच घातला. तो गोंद्याच्या ठिपक्याएवढाच होता. मी घरी जाऊन मायला ओढत आणलं आणि दाखवला, आणि ती उंबऱ्याबाहेरूनच बराच वेळ पाहत राहिली.

तेव्हाच मी विचारलं, "गुरुजी, शाळेचा कोन कोनता?" कारण पत्त्यांच्या पाढ्यात शाळाच नव्हती. गुरुजी थबकले. "दोर शून्य," ते स्वतःशीच म्हणाले. "आणि कोन... कोन..." आणि एकदम उडीच मारली त्यांनी! "कुठलाही! अगं पोरी, कुठलाही! मध्यावर उभं राहिलं की सगळेच कोन आपले!" खडू हवेत गेला तो कौलात अडकला. त्या दिवशी शाळा लवकर सुटली, कारण गुरुजींना त्या आनंदात पुढचं काही शिकवता येईना.

आणि मग पाण्याचे साहेब आले. जीपमधून उतरले, कसलं तरी यंत्र घेऊन दोन दिवस गावभर फिरले आणि आमच्या वस्तीच्या तोंडाशी, निंबाच्या अलीकडे, एक खुंटा ठोकून गेले. खुंट्याच्या खड्ड्यात चुना ओतला. इथे पाणी आहे, बोरिंगची गाडी येईल, हापशी बसेल! आमच्या वस्तीत त्या दिवशी कोणाच्या पायाला जमीन लागत नव्हती. माय खुंट्याभोवती फेरी मारून आली, जसं काही त्यातून आताच पाणी येणार आहे. आणि गावात नवीन गोष्ट आली म्हटल्यावर आम्ही दोर घेऊन हजर झालोच. दुसऱ्या सकाळपासून पाढ्यात एक ओळ वाढली. "हापशी! दोर चार, गाठी सात, कोन एकशे दहा!"

काही आठवडे गेले. एका सकाळी उठून पाहतो तर खुंटा जागेवर नाही. तो होता चावडीच्या मागे, वरच्या गल्लीत, ताज्या चुन्यात ठोकलेला. आमच्याकडची जागा शेण टाकून सपाट सारवलेली. कोणी केलं ते सगळ्यांना माहीत होतं, आणि कोणी बोलत नव्हतं. हापशी तिकडे बसली तर तिच्या दांड्याला आमच्या बायांनी हात लावायचा की कोणी ओतेपर्यंत उभं राहायचं, हेही कोणी बोलत नव्हतं. मायने गुंड उचलला आणि ती नाल्याकडे निघाली.

मी शाळेत जाऊन रडत गुरुजींना सांगितलं. "कोनं उपटला ते मले ठाऊक हाय!"

गुरुजी खाली बसले, माझ्या डोळ्यांच्या पातळीवर आले. "कोणी उपटला ते राहू दे. ते सांगितलंस तर उद्या तुझ्या मायला वावरात काम मिळणार नाही. आपल्याला कोण नको, आपल्याला कोन हवा." तेव्हा मला ते नीट कळलं नाही. मला त्यांचा रागच आला.

चार दिवसांनी गाडी आली. एवढं मोठं धूड गावाने कधी पाहिलं नव्हतं. सगळं गाव लोटलं, आम्हीही शाळेतून धावलो. गाडीबरोबरचे साहेब दुसरे होते, अकोल्याकडचे, आमच्यासारखंच बोलणारे. त्यांनी खुंटा पाहिला आणि माणसांना हाक मारली. इतक्यात आमच्या बायांच्या घोळक्यातून आवाज आला, "खुंटा अथी नव्हता साहेब."

साहेब वळले. "कोन म्हनते?"

गोंद्याचे वडील हाताची घडी घालून उभे होते. बायांनी पदर पुढे ओढले. मला माझ्या मायचा आवाज ओळखू आला होता, आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता हेही दिसत होतं. साहेबांनी आवाज चढवला. "अरे, बोला ना! कोन सांगते? कोन?"

"एकशे दहा!"

मी ओरडले होते. खरं सांगते, मी काही धीट नव्हते. कोणी ‘कोन?’ असं ओरडलं की आकडा द्यायचा, एवढंच माझ्या अंगात मुरलं होतं. आणि माझ्या मागून, वरच्या गल्लीतली आणि आमच्या वस्तीतली, पहिली ते चौथी सगळी शाळा एका सुरात गरजली, "दोर चार! गाठी सात! कोन एकशे दहा!"

साहेब भांबावले. "हे काय व्हय?"

गुरुजी गर्दीतून पुढे आले. त्यांची टोपी वाकडी झाली होती आणि चेहरा फुलला होता. "साहेब, तुम्ही विचारलंत कोन सांगते. त्यांनी बरोबर ऐकलं. कोनच सांगतो. माणूस कोणीच सांगत नाही."

"लेकरायले पढवलं हाय," गोंद्याचे वडील म्हणाले.

"मग पारखून घ्या," गुरुजी म्हणाले. "तुम्हीच घ्या."

साहेबांना आता मजा वाटू लागली होती. त्यांनी वरच्या गल्लीतली पोरं वेगळी काढली, आणि आम्हाला शाळेच्या आत कोंडून दार लावलं. आधी त्यांनी मोजायचं, त्यांची खूण पानांनी झाकायची, मग आम्ही. मी दाराच्या फटीतून पाहत होते. चाकापाशी गोंद्या होता. सुतळी खाचेत ताणून, एक डोळा मिटून. त्याने एक खाच जरी सरकवली असती, चार खाचा सरकवल्या असत्या, तर सगळं संपलं होतं.

त्याच्या वडिलांनी हाक मारली, "गोंद्या! घरी चाल!"

गोंद्याने मान वळवली नाही. "बाबा, कोन धरला हाय. सोडता येत नाही."

ते पुन्हा ओरडले. गोंद्याचे कान लाल झाले, पण बोटं हलली नाहीत. पोरांनी दोर टाकला, गाठी मोजल्या, काडी रोवली. मग आमची पाळी. आता सुतळी माझ्या हातात होती. सुतळी हलू नये म्हणून मी कोपर चाकावर टेकवलं, जसं गुरुजींनी शिकवलं होतं. साहेब स्वतः दोराचं टोक धरून आमच्याबरोबर चालले. आमची काडी रोवली आणि मग त्यांनी पानं बाजूला केली. दोन काड्यांमध्ये हातभर अंतर. साहेबांनी मधलं शेण बुटाने खरवडलं, खाली माती भुसभुशीत लागली. त्यांनी खाली बसून बोटांनी उकरलं. बोटं पांढरी होऊन वर आली. चुना!

जो काही कल्ला झाला तो मी सांगू शकत नाही. साहेब हसत हसत म्हणाले, "अरे, गाडी हलवा! अथी आना!" आणि गुरुजींनी आयुष्यात पहिल्यांदा ‘अथी’ हा शब्द ऐकून टाळी वाजवली.

गाडी दिवसभर धडधडत होती. आधी पांढरी धूळ, मग करडी, मग चिखल, आणि मग निंबाच्याही वर पाणी! गढूळ, गार, धो धो पाणी! आम्ही नाचलो, लोळलो. गोंद्या तर सदऱ्यासकट आत. माय त्या पाण्यात गुंड न घेता नुसतीच उभी होती, डोक्यावर पदर नव्हता, आणि ती हसत होती. माझी माय इतक्या मोठ्याने हसते हे मला माहीत नव्हतं. मला इतका आनंद झाला होता की छाती दुखत होती.

पुढे हापशीचा दांडा दोन्हीकडच्या बायांनी मारला. काही दिवस वरच्या गल्लीतल्या आल्या नाहीत, पण तहान लागल्यावर आल्या. गोंद्याच्या घरून सगळ्यात शेवटी गोंद्याची आई आली, आणि मायने तिच्यासाठी दांडा मारला.

पुढच्याच उन्हाळ्यात गुरुजींची बदली झाली. का, ते कोणी विचारलं नाही, मास्तरांच्या बदल्या व्हायच्याच. जायच्या दिवशी त्यांनी नव्या गावाचं नाव सांगितलंच नाही. कानस काढली आणि चाकाच्या धावेवर एका खाचेपाशी छोटी फुली कोरली. म्हणाले, "दोर पुरायचा नाही. पण कोन हा आहे." मग खांद्यावर दोर टाकला, पेटी उचलली आणि सिग्नलकडे बघत सरळ स्टेशनाची वाट धरली. या वेळी ते चुकले नाहीत.

मी रोज शाळेत आधी जाऊन त्या फुलीवरून सुतळी ताणायची आणि एक डोळा मिटून बघायची. वावरं, पळसाची झाडं, मग टेकडी, आणि टेकडीपुढे काही दिसत नसे. एकदा अशीच बघत असताना माय हापशीवरून भरलेला गुंड घेऊन आली नि मागे थांबली.

"काय पाहून राह्यली वं? तथी कोन हाय?"

"दोनशे पस्तीस," मी म्हटलं.

एवढ्या दिवसांत पत्त्यांचा पाढा ऐकून ऐकून तिलाही पाठ झाला होता. दोनशे पस्तीसला गावातलं कोणीच नव्हतं, म्हणून तिला कळलं. तिने गुंड खाली ठेवला, माझ्या शेजारी वाकून, एक डोळा मिटून सुतळीवरून लांब टेकडीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

मग म्हणाली, "त्यायच्या गावात हापशी असंन का वं?"